अपधावाचा उसना आकडा: भूमी-उपयोग व मृदेवर आधारित वक्रांक पद्धतीची चिकित्सा

सारांश

नदीखोऱ्यात पडलेल्या पावसापैकी किती पाणी वाहून जाईल, याचा अंदाज जमिनीचा वापर आणि मातीचा प्रकार यांवरून बांधण्याची ‘कर्व्ह नंबर’ म्हणजेच वक्रांक पद्धती महाराष्ट्रातील भूगोल, कृषी अभियांत्रिकी व पर्यावरणशास्त्र या विषयांच्या संशोधनात रूढ झाली आहे. प्रस्तुत लेखात या पद्धतीची घडण, तिचे गुण आणि दख्खनच्या पठारावर व कोकणात ती वापरताना उद्भवणाऱ्या अडचणी यांची चिकित्सा केली आहे. तक्त्यातून उचललेला वक्रांक हे संशोधनाचे फलित नसून ते केवळ गृहीतक आहे आणि प्रत्यक्ष मोजमापाशी ताडून पाहिल्याखेरीज त्यावर निष्कर्ष उभारणे योग्य नाही, अशी मांडणी येथे केली आहे.

बीजशब्द: अपधाव, वक्रांक, पाणलोट क्षेत्र, काळी मृदा, पूर्व-ओलावा स्थिती, भूमी-उपयोग

प्रस्तावना

पडलेल्या पावसाचे तीन वाटे होतात. काही पाणी जमिनीत मुरते, काही बाष्परूपाने परत जाते आणि उरलेले उताराने वाहत ओढ्या-नाल्यांना मिळते. या तिसऱ्या वाट्यास अपधाव म्हणतात. नालाबांधाचा सांडवा किती रुंद असावा, रस्त्याखालील मोरीच्या नळ्यांचा व्यास किती असावा, गावाच्या पाण्याच्या ताळेबंदात किती पाणी जमेस धरावे, शहरातील नदीकाठी निळी व लाल पूररेषा कोठे आखावी, या सर्व प्रश्नांच्या मुळाशी अपधावाचा आकडा असतो. हा आकडा कमी धरला तर बांध फुटतो आणि वस्तीत पाणी शिरते. जास्त धरला तर बंधारा कोरडा राहतो आणि खर्च वाया जातो.

पावसाचे मोजमाप तुलनेने सोपे आहे. अपधावाचे मोजमाप मात्र कष्टाचे व खर्चाचे असते. मोठ्या नद्यांवर सरिता मापन केंद्रे आहेत. लहान ओढ्यांवर ती क्वचितच आढळतात. त्यामुळे मोजमाप नसलेल्या पाणलोटासाठी अप्रत्यक्ष अंदाज बांधावा लागतो. उपग्रह प्रतिमा आणि भौगोलिक माहिती प्रणाली सहज उपलब्ध झाल्यापासून या कामी वक्रांक पद्धतीचा वापर फार वाढला. तिच्या आधारे लिहिल्या जाणाऱ्या शोधनिबंधांचा एक साचाही तयार झाला आहे. प्रथम खोऱ्याचे स्थान, नंतर भूमी-उपयोगाचा नकाशा, त्यावर मृदेचा नकाशा, दोहोंच्या छेदातून वक्रांक, त्यावरून मिलिमीटरमध्ये अपधाव आणि अखेरीस ‘ही पद्धती उपयुक्त आहे’ असा निष्कर्ष. या साच्यात एक गोष्ट बहुधा नसते, ती म्हणजे प्रत्यक्ष वाहिलेले पाणी. ही उणीव किती गंभीर आहे, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. पद्धतीची घडण

वक्रांक पद्धती अमेरिकेच्या कृषी विभागातील मृदा संधारण सेवेने १९५० च्या दशकात विकसित केली. वादळी पावसाची एकूण उंची व त्यातून आलेला अपधाव यांचा आलेख मांडण्याची कल्पना एल. के. शेर्मन यांनी १९४० च्या दशकात मांडली होती. जी. डब्ल्यू. मसग्रेव्ह यांनी मृदांचे पाणी मुरण्याच्या क्षमतेनुसार चार गट पाडले. या पूर्वतयारीवर व्हिक्टर मॉकस यांनी समीकरण बसविले. या कामामागील प्रेरणा शेतीतील मृदा संधारणाची होती आणि आधारभूत माहिती प्रामुख्याने लहान शेती-पाणलोटांची होती, ही बाब ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

प म्हणजे पाऊस, अ म्हणजे अपधाव, ध म्हणजे जमिनीची संभाव्य धारणक्षमता (सर्व मि.मी.) आणि व म्हणजे वक्रांक असे मानल्यास पद्धतीची दोन समीकरणे पुढीलप्रमाणे आहेत:

अ = (प − ०.२ध)² ÷ (प + ०.८ध)

ध = (२५४०० ÷ व) − २५४

पहिल्या समीकरणातील ०.२ध ही प्रारंभिक घट होय. पानांवर अडकणारे, खळग्यांत साचणारे आणि अपधाव सुरू होण्यापूर्वी मुरणारे पाणी तीत येते. पाऊस या घटीपेक्षा कमी असेल तर अपधाव शून्य. वक्रांकाची कमाल मर्यादा १०० असून तेथे पडलेला प्रत्येक थेंब वाहून जातो. मृदेचे अ, ब, क, ड हे चार गट पूर्ण भिजलेल्या अवस्थेत पाणी मुरण्याच्या वेगावरून ठरतात. ‘अ’ गटात हा वेग ताशी ७.६ मि.मी. पेक्षा अधिक, तर ‘ड’ गटात १.३ मि.मी. पेक्षा कमी असतो. भूमी-उपयोग व मृदागट यांच्या जोडीला तक्त्यात एक वक्रांक दिलेला असतो. शेवटी पूर्वीच्या पाच दिवसांच्या पावसावरून जमीन कोरडी, मध्यम की ओली हे ठरवून तो कमी-अधिक केला जातो.

भारतात कृषी मंत्रालयाच्या १९७२ च्या जलविज्ञान हस्तपुस्तिकेने ही पद्धती स्थानिक बदलांसह स्वीकारली. तेव्हापासून ती अभ्यासक्रमांत व शासकीय कामांत स्थिरावली.

२. पद्धतीचे गुण

टीका करण्यापूर्वी या पद्धतीचे ऋण मान्य केले पाहिजे. ती साधी आहे. एका आकड्यात जमिनीचे सारे वर्तन बांधण्याचे धाडस तिने केले. डोंगरावरील झाडी तुटली किंवा शिवाराच्या जागी वसाहत उभी राहिली तर पाण्याचे काय होईल, हा प्रश्न तिने नियोजकाला विचारायला लावला. त्यापूर्वी आपल्याकडे वापरात असलेल्या डिकन्स, राइव्ह्ज किंवा इंग्लिस यांच्या पूरसूत्रांत मुख्यतः पाणलोटाचे क्षेत्रफळ असे. जमिनीवर काय आहे, याला त्यांत स्वतंत्र स्थान नव्हते. हे स्थान वक्रांकाने दिले. म्हणूनच प्रश्न पद्धती टाकून देण्याचा नसून ती कोणत्या शिस्तीने वापरावी हा आहे.

३. काळ्या मृदेची दोन रूपे

दख्खनच्या पठारावरील काळी मृदा ‘ड’ गटात टाकण्याचा प्रघात आहे. पूर्ण भिजलेल्या अवस्थेचा निकष लावला तर तो बरोबरही आहे. भिजलेली काळी जमीन फुगते, तिची छिद्रे मिटतात आणि पाणी वरच्या वर वाहते. तथापि हीच जमीन उन्हाळ्याअखेर भेगाळलेली असते. मृगाचा पहिला जोरदार पाऊस या भेगांतून थेट खोलवर उतरतो आणि ओढा कोरडाच राहतो. तीच जमीन हस्ताच्या पावसात चिबडते आणि तेवढ्याच पावसाने नाल्याला पूर येतो. शेतकऱ्याच्या भाषेत कोरडी, वाफशावरची आणि चिबडलेली जमीन या तीन निराळ्या जमिनी आहेत. मृदेचा नकाशा मात्र तिन्हींना एकच रंग देतो.

भारतीय हस्तपुस्तिकेच्या कर्त्यांना हे ठाऊक होते, असे म्हणावे लागते. त्यांनी काळ्या मृदेसाठी मध्यम व ओल्या स्थितीत प्रारंभिक घट ०.१ध धरली. काळ्या मृदेची कोरडी स्थिती आणि इतर सर्व मृदा यांसाठी ती ०.३ध धरली. या भेदाचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. मध्यम स्थितीत ८० वक्रांक असलेले काळ्या जमिनीचे शिवार घ्यावे. रूढ तक्त्यानुसार त्याचा कोरड्या स्थितीतील वक्रांक ६३ आणि ओल्या स्थितीतील ९१ होतो. या शिवारावर ४० मि.मी. पाऊस पडला तर कोरड्या स्थितीत प्रारंभिक घटच सुमारे ४५ मि.मी. येते, म्हणून अपधाव शून्य. ओल्या स्थितीत त्याच ४० मि.मी. पावसातून सुमारे २२ मि.मी. पाणी वाहते. एकच शेत, एकच पाऊस, पण उत्तरे दोन.

येथे दोन दोष संभवतात. पहिला दोष तक्त्यांच्या सरमिसळीचा आहे. वक्रांक अमेरिकी तक्त्यातून घ्यायचा आणि प्रारंभिक घटीचे गुणोत्तर भारतीय हस्तपुस्तिकेतून, असे निबंधांतून घडते. मूळ अमेरिकी तक्त्यातील आकडे ०.२ हे गुणोत्तर गृहीत धरून बसविलेले आहेत. गुणोत्तर बदलले तर वक्रांकही नव्याने ठरवावा लागतो. तो तसाच ठेवला तर समीकरणाचे दोन भाग परस्परांशी बोलत नाहीत. ८० वक्रांकावर ४० मि.मी. पावसाचा अपधाव ०.१ गुणोत्तराने ११.७ मि.मी., ०.२ ने ८.२ मि.मी. आणि ०.३ ने ५.२ मि.मी. येतो. केवळ कोणते पुस्तक उघडले यावर उत्तर दुपटीहून अधिक बदलते. खुद्द अमेरिकेतही ०.२ हा आकडा आता निर्विवाद राहिलेला नाही. २००३ साली वुडवर्ड, हॉकिन्स व सहकाऱ्यांनी तीनशेहून अधिक पाणलोट व प्रयोगक्षेत्रांच्या नोंदी तपासून ०.०५ हे गुणोत्तर अधिक सयुक्तिक असल्याचे दाखविले.

दुसरा दोष पाच दिवसांच्या नियमाचा आहे. पीक उभे असताना मागील पाच दिवसांत ३६ मि.मी. पेक्षा कमी पाऊस असेल तर जमीन कोरडी आणि ५३ मि.मी. पेक्षा अधिक असेल तर ओली मानावी, असा हा नियम. १०० मि.मी. पावसात वरील शिवाराचा अपधाव (०.२ गुणोत्तराने) कोरड्या स्थितीत २२, मध्यम स्थितीत ५१ आणि ओल्या स्थितीत ७५ मि.मी. येतो. म्हणजे मागील पाच दिवसांच्या पावसात सुमारे १८ मि.मी. चा फरक पडला की अपधाव तिपटीहून अधिक होतो. निसर्ग अशा पायऱ्यांनी चालत नाही. शिवाय काळ्या मृदेच्या भेगा पाच दिवसांच्या हिशेबाने मिटत नाहीत. हंगामाच्या आरंभापासून झालेला एकूण पाऊस आणि मध्ये पडलेला खंड यांवर ते अवलंबून असते. कोकणात व घाटमाथ्यावर तर जुलैमध्ये हा नियम जवळजवळ रोजच ‘ओली’ असे उत्तर देतो, म्हणजे तेथे तो काहीच सांगत नाही. ज्या संस्थेने हा पाच दिवसांचा तक्ता दिला तिने तो पुढील आवृत्त्यांतून वगळला. आपल्याकडील निबंधांतून मात्र तो आजही निःशंकपणे उतरवला जातो.

४. नकाशातील शेत आणि शिवारातील शेत

भूमी-उपयोगाचा नकाशा बहुधा उपग्रह प्रतिमेवरून तयार होतो. भारतीय लिस-३ संवेदकाचा एक चित्रबिंदू सुमारे २३.५ मीटर, तर लँडसॅटचा ३० मीटर लांबी-रुंदीचा असतो. अशा प्रतिमेत ‘शेती’ हा वर्ग ओळखता येतो. शेताला बांध आहे की नाही, पेरणी उताराला आडवी आहे की उभी, हे ओळखता येत नाही. अपधावाच्या दृष्टीने निर्णायक असते ते नेमके हेच.

भारतीय तक्त्यात ‘ड’ गटातील सरळ ओळींच्या पेरणीला ९३ वक्रांक आहे आणि चांगल्या बांधबंदिस्तीच्या शेताला ७९. एका दिवसात ६० मि.मी. पाऊस पडला तर पहिल्या शेतातून ४२ मि.मी. आणि दुसऱ्यातून १९ मि.मी. पाणी वाहते. ५०० हेक्टरच्या पाणलोटात हा फरक अनुक्रमे २ लाख १० हजार आणि ९५ हजार घनमीटर इतका होतो. जलयुक्त शिवार अभियानासारख्या योजनांतून जेथे बांधबंदिस्ती व नाला खोलीकरण झाले, तेथील कामाचा परिणाम मोजण्यासाठी ही पद्धती वापरताना प्रतिमेवरून केवळ ‘शेती’ असा वर्ग घेतला तर झालेले काम हिशेबात येतच नाही. उलटपक्षी, कागदावर ‘चांगली बांधबंदिस्ती’ असा वर्ग निवडला आणि प्रत्यक्षात बांध फुटलेले असले तर न वाचलेले पाणी वाचल्याचे सिद्ध होते. दोन्ही बाबतींत आकडा शिवारातून नव्हे तर संशोधकाच्या निवडीतून येतो.

भातखाचरांचे उदाहरण याहून बोलके आहे. तक्त्यात भातशेतीला चारही मृदागटांत ९५ हा एकच वक्रांक दिलेला आहे. ९५ वक्रांकाची धारणक्षमता जेमतेम १३ मि.मी. होते. मावळात किंवा कोकणात वीतभर उंचीचा बांध घातलेले खाचर याच्या कितीतरी पट पाणी अडवते. खाचर तुडुंब भरल्यावर मात्र वरचा सारा पाऊस पुढच्या खाचरात आणि तेथून ओढ्यात जातो. म्हणजे ९५ हा आकडा भरलेल्या खाचरासाठी खरा आणि रिकाम्या किंवा अर्ध्या भरलेल्या खाचरासाठी खोटा. डोंगरउतारावरील खाचरांची उतरंड हा पाण्याचा एक साठाच असतो. त्याला पृष्ठभागाचा एक प्रकार समजणे ही वर्गीकरणाची चूक होय.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातील जांभ्याचे सडे हे तिसरे उदाहरण. नकाशात ते ‘पडीक जमीन’ या वर्गात जातात. या एका शब्दात पठारावरील मुरमाड माळ, गावाचे गायरान, चोपण जमीन आणि कातळाचा उघडा सडा हे सारे एकत्र येते. यांपैकी माळ पाणी मुरवतो, चोपण जमीन अडवून धरते आणि सड्यावरचे पाणी काही ठिकाणी थेट वाहते, तर काही ठिकाणी कातळातील चिरांतून नाहीसे होऊन पायथ्याच्या झऱ्यांना मिळते. वक्रांकाचे समीकरण केवळ झटपट वाहणाऱ्या पाण्याचा हिशेब ठेवते. खडकातून फिरून दोन दिवसांनी ओढ्यात आलेले पाणी त्याच्या कक्षेबाहेर राहते. कोकणातील ओढ्यांच्या बाबतीत ही त्रुटी किरकोळ नाही.

मृदेच्या नकाशाबाबतही सावधगिरी हवी. नागपूर येथील राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी-उपयोग नियोजन संस्थेचे लहान प्रमाणावरील नकाशे विभागीय नियोजनासाठी मोलाचे आहेत. पण १ : २,५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील अडीच किलोमीटर. एखाद्या गावाचे अख्खे शिवार त्यात नखाएवढे मावते. त्याच शिवारात माथ्यावर वीतभर मुरूम आणि ओढ्याकाठी पुरुषभर खोल काळी माती असू शकते. असा नकाशा मोठा करून दहा हेक्टरच्या निर्णयासाठी वापरला तर रेषा स्पष्ट दिसतात, माहिती मात्र तेवढीच राहते.

५. सरासरीचा दोष

खोऱ्यात अनेक भूमी-उपयोग असतात. त्यांच्या क्षेत्रफळानुसार वक्रांकांची भारित सरासरी काढून संपूर्ण खोऱ्याला एकच आकडा देण्याची पद्धत सर्वत्र दिसते. समीकरण वर्गाचे आहे, सरळ रेषेचे नाही. त्यामुळे वक्रांकांच्या सरासरीवरून काढलेला अपधाव आणि अपधावांची सरासरी यांत तफावत पडते.

निम्मे क्षेत्र ९५ वक्रांकाचे, म्हणजे काँक्रीट व छपरांचे, आणि निम्मे ६५ वक्रांकाचे, म्हणजे झाडी व गवताचे, असे एक उपनगरी खोरे कल्पावे. ५० मि.मी. पावसात पहिल्या भागातून ३६.९ आणि दुसऱ्यातून ३.२ मि.मी. अपधाव येतो. दोहोंची सरासरी २०.१ मि.मी. होते. वक्रांकांची सरासरी ८० धरली तर उत्तर १३.८ मि.मी. येते. जवळजवळ एक तृतीयांश पाणी केवळ हिशेबाच्या रीतीमुळे नाहीसे होते. डोंगर आणि वसाहत जेथे एकमेकांना खेटून आहेत, तेथे हा दोष सर्वाधिक जाणवतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याला पूर आला. त्या पावसाने पुणे शहर व परिसरात वीसहून अधिक माणसांचे प्राण घेतले. अशा ओढ्यांच्या खोऱ्याला एका सरासरी आकड्यात बसविणे ही निव्वळ गणिती सोय राहत नाही. प्रत्येक तुकड्याचा अपधाव स्वतंत्र काढून मग बेरीज करणे संगणकाला मुळीच अवघड नाही. तरीही जुनी रीत चालू राहते, कारण तीत अंतिम तक्ता आटोपशीर दिसतो.

६. अतिवृष्टी आणि मिठी नदी

वक्रांकाच्या समीकरणाचा आणखी एक गुणधर्म पुराच्या चर्चेत दुर्लक्षिला जातो. पाऊस जसजसा वाढतो तसतसा भूमी-उपयोगाचा प्रभाव क्षीण होत जातो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मि.मी. पावसाची नोंद झाली. त्याच काळात कुलाब्यास केवळ ७३ मि.मी. च्या आसपास पाऊस होता. ९४४ मि.मी. पावसासाठी ६० वक्रांकाची झाडीची जमीन घेतली तर अपधाव सुमारे ७६७ मि.मी. येतो, म्हणजे ८१ टक्के. ९० वक्रांकाच्या दाट वस्तीतून तो ९११ मि.मी., म्हणजे ९६ टक्क्यांहून थोडा अधिक येतो. त्या दिवशी मिठीच्या खोऱ्यात पूर्ण जंगल असते तरी बहुतांश पाणी वाहूनच गेले असते, असे या पद्धतीचे स्वतःचेच म्हणणे आहे.

याचा अर्थ शहरीकरण निर्दोष ठरते असा नाही. त्याचा दोष अन्यत्र शोधावा लागतो, एवढाच याचा अर्थ आहे. विहार व पवई तलावांच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत वाहणाऱ्या या नदीचे पात्र भराव व अतिक्रमणांमुळे आक्रसले होते, विमानतळाच्या परिसरात तिला वळणे घ्यावी लागत होती आणि त्या दुपारी समुद्राला भरती होती. पाणी किती आले याइतकाच ते कोठून व किती वेळात जाणार, हा प्रश्न महत्त्वाचा होता. वक्रांक पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. दुसऱ्याबद्दल तो मौन पाळतो, कारण त्याच्या समीकरणात वेळेला स्थान नाही. ९४४ मि.मी. पाऊस चोवीस तासांत समान पडला काय किंवा बहुतांश काही तासांत कोसळला काय, समीकरणाचे उत्तर एकच.

मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्यांचा इतिहास या संदर्भात उद्बोधक आहे. जुनी व्यवस्था ताशी २५ मि.मी. पाऊस आणि ०.५ अपधाव गुणांक धरून आखलेली होती, म्हणजे निम्मे पाणी मुरेल अशी तीत आशा होती. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ताशी ५० मि.मी. पाऊस व १.० गुणांक धरण्याची दिशा दिली. पाऊस दुप्पट आणि गुणांक दुप्पट, म्हणून वाहिनीतून न्यावयाचे पाणी चौपट. यांपैकी एक दुप्पट पावसाची आहे आणि दुसरी केवळ जमिनीबद्दलच्या गृहीतकाची. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीपुढे २००५ नंतर हाच प्रश्न अधिक तीव्र स्वरूपात आला. गृहीतक बदलण्यास शहराला किती काळ लागतो आणि तोवर त्याची किंमत कोण मोजतो, हे यावरून दिसते.

भूमी-उपयोगाचा खरा प्रभाव दिसतो तो ४० ते ६० मि.मी. च्या मध्यम पावसात. असे पाऊस दरवर्षी अनेकदा येतात. विहिरींचे पुनर्भरण, मातीची धूप, वस्तीतील नेहमीचे पाणी तुंबणे यांचा निकाल तेच लावतात. तेव्हा वक्रांकाचा आधार घेऊन महापुराचे खापर केवळ जंगलतोडीवर फोडणे जितके चूक, तितकेच ‘महापुरात जंगलाचा उपयोग नाही’ म्हणून वृक्षराजीचे मोल नाकारणेही चूक आहे.

७. मोजमापाची विस्मृत परंपरा

पश्चिम भारतात अपधावाचा अभ्यास वक्रांकासोबत सुरू झाला, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. मुंबई इलाख्यातील अभियंते डब्ल्यू. एल. स्ट्रेंज यांनी १८९२ साली आजच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातील नोंदींवरून अपधावाचे तक्ते तयार केले. त्यांनी पाणलोटांचे चांगले, मध्यम व वाईट आणि जमिनीचे कोरडी, दमट व ओली असे वर्ग केले. पाच दिवसांच्या नियमाच्या कितीतरी आधी जमिनीच्या ओलाव्याचा विचार येथे झाला होता. लघु पाटबंधारे व पाणलोट विकासाच्या कामांत स्ट्रेंजचा तक्ता अजूनही वापरला जातो. त्यातील ‘चांगले पाणलोट’ म्हणजे तलावाला भरपूर पाणी देणारे पाणलोट, हे मात्र विसरता येत नाही. धरण बांधणाऱ्याच्या दृष्टीने जे चांगले, तेच मृद्-संधारण करणाऱ्याच्या दृष्टीने वाईट. एका हेतूने केलेला तक्ता दुसऱ्या हेतूने वापरताना शब्दांचे अर्थही उलटतात.

१९२९ साली इंग्लिस व डिसूझा यांनी पश्चिम भारतातील ५३ ठिकाणी केलेल्या सरिता मापनावरून वार्षिक अपधावाची दोन सूत्रे दिली. पाऊस सेंटिमीटरमध्ये घेतल्यास घाटप्रदेशासाठी अपधाव = ०.८५प − ३०.५ आणि दख्खनच्या पठारासाठी अपधाव = प(प − १७.८) ÷ २५४. यानुसार ३०० सें.मी. पावसाच्या घाटमाथ्यावर सुमारे ७५ टक्के पाणी वाहून जाते, तर ७० सें.मी. पावसाच्या पठारावर सुमारे २० टक्के. या सूत्रांत मृदा नाही, भूमी-उपयोगही नाही. त्या अर्थी ती वक्रांकापेक्षा मागासलेली आहेत. पण त्यांचे दोन आकडे सह्याद्रीच्या दोन बाजूंच्या पाण्यातून आलेले आहेत. तेथे आधी मोजमाप झाले आणि मग सूत्र आले. आजच्या साच्यात आधी सूत्र येते आणि मोजमाप येतच नाही.

या तुलनेतून जुने सूत्र श्रेष्ठ ठरवायचे नाही. वार्षिक सरासरीवरून एका रात्रीच्या पुराचा अंदाज करता येत नाही. तथापि पठारावरील एखाद्या खोऱ्याचा वक्रांकावरून काढलेला हंगामी अपधाव पावसाच्या ५०-६० टक्के आला, तर किमान थांबून पुन्हा पाहावे, एवढा इशारा १९२९ चे सूत्र आजही देऊ शकते.

८. शिस्तीची आवश्यकता

वरील विवेचनावरून काही अपेक्षा मांडता येतात. पहिली, वक्रांक व प्रारंभिक घटीचे गुणोत्तर एकाच स्रोतातून घ्यावे आणि ते निबंधात स्पष्ट नोंदवावे. दुसरी, सरासरी वक्रांकाऐवजी तुकड्यांच्या अपधावाची बेरीज करावी. तिसरी, एकच आकडा देण्याऐवजी कोरड्या व ओल्या स्थितींतील मर्यादा द्याव्यात. ‘अपधाव ५१ मि.मी.’ यापेक्षा ‘२२ ते ७५ मि.मी., मध्यम स्थितीत ५१’ हे विधान कमी देखणे असले तरी अधिक प्रामाणिक आहे.

चौथी व सर्वांत महत्त्वाची अपेक्षा पडताळणीची आहे. मापन केंद्र नाही, ही सबब पुरेशी नाही. पाझर तलाव किंवा लघु प्रकल्प सांडव्यावरून वाहण्यापूर्वी एका पावसात त्याची पातळी किती चढली आणि त्या पातळीला किती साठा बसतो, यावरून त्या पावसाचा अपधाव काढता येतो. पाऊस व अपधाव या जोडीवरून मूळ समीकरण उलटे फिरवून स्थानिक धारणक्षमता मिळते:

ध = ५ [प + २अ − √(४अ² + ५पअ)]

समजा १०० मि.मी. पावसात तलावात ३५ मि.मी. इतका अपधाव जमा झाला. या सूत्राने धारणक्षमता सुमारे १०२ मि.मी. आणि वक्रांक सुमारे ७१ येतो. तक्त्याने ८० सांगितले असेल तर त्या पाणलोटाने तक्त्याला दिलेले ते उत्तर आहे. असे आठ-दहा पाऊस एका हंगामात नोंदविणे हे महाविद्यालयाच्या भूगोल विभागाला आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांना न झेपणारे काम नाही. एक पर्जन्यमापक, पाण्यातील एक मोजपट्टी आणि रोजची नोंदवही एवढेच साहित्य लागते. दहा महाविद्यालयांनी आपापल्या परिसरातील एकेका तलावाची अशी नोंद दहा वर्षे ठेवली, तर दख्खनच्या काळ्या मृदेसाठी स्वतःचा तक्ता तयार होऊ शकेल.

निष्कर्ष

भूमी-उपयोग व मृदेवरून अपधावाचा अंदाज बांधणारी वक्रांक पद्धती ही विसाव्या शतकातील एक उपयुक्त व्यावहारिक रचना आहे. परंतु तिचा तक्ता परप्रांतीय शेतीच्या अनुभवातून आला आहे. भेगाळणाऱ्या काळ्या जमिनीचा हंगामी पालट, भातखाचरांची साठवण, सड्यांवरील पाण्याच्या गुप्त वाटा आणि बांधबंदिस्तीची खरी अवस्था या चारही बाबतींत ती अपुरी पडते. मध्यम पावसात तिचे उत्तर गृहीतकांनुसार दुपटी-तिपटीने बदलते. अतिवृष्टीत भूमी-उपयोगाचा फरकच पुसट होतो आणि पाण्याला लागणारा वेळ ती मोजत नाही.

संगणकीय नकाशांच्या सुबकतेमुळे या मर्यादा झाकल्या जातात. रंगीत नकाशावरील दोन दशांश स्थळांचा आकडा मोजमापाचा आभास निर्माण करतो. असा आकडा सांडव्याच्या रुंदीत किंवा पूररेषेच्या आखणीत उतरला की त्याच्या चुकीचा भार संशोधकावर पडत नाही. तो ओढ्याकाठी राहणाऱ्यांवर पडतो. यास्तव तक्त्यातून घेतलेल्या वक्रांकाला निबंधाच्या शेवटी नव्हे तर आरंभी स्थान असावे आणि त्याची परीक्षा ओढ्यातील पाण्याने घ्यावी. अशी परीक्षा न झालेला अपधाव ‘अनुमानित, अपडताळित’ या स्पष्ट शेऱ्यासह छापणे, एवढी किमान शिस्त संशोधनपत्रिकांनी व परीक्षकांनी पाळणे आवश्यक आहे.